बदली झाली, तरी सर्व्हर चालू : एका संगणकातले चार संगणक आणि ते लांबून सांभाळणे



जिल्हा परिषदेच्या शाळेत काम करणाऱ्यांना बदली नवीन नाही. गेल्या वर्षी माझीही झाली. जुनी शाळा नव्या शाळेपासून ४६ किलोमीटर. सामान आवरायला फारसं काही नव्हतं, पण एका गोष्टीने मला झोप लागू देईना. ऑफिसच्या कोपऱ्यात आम्ही उभा केलेला सर्व्हर.

आपण सगळ्यांनी पाहिलेलं चित्र आहे हे. एखादे गुरुजी किंवा बाई हौसेने शाळेत काहीतरी उभं करतात, मुलं रमतात, पालक कौतुक करतात. मग बदलीचा आदेश येतो आणि दोन महिन्यांत त्या संगणकावर कापड चढतं. दोष कुणाचाच नसतो. नवीन आलेल्या माणसाला तो कसा चालतो ते कुणी सांगितलेलंच नसतं.

आमच्या सर्व्हरवर चौथीच्या मुलांनी आपापल्या आज्यांकडून ऐकून रेकॉर्ड केलेल्या साठेक गोष्टी होत्या. त्यातल्या दोन आज्या आज हयात नाहीत. त्यामुळे "बंद पडला तर पडला" असं म्हणणं मला शक्य नव्हतं.

हा सर्व्हर कसा उभा केला, लांबून कसा सांभाळते आणि त्यात माझ्या काय चुका झाल्या, ते आज सांगते. मी संगणक अभियंता नाही, डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. म्हणून आपल्याच भाषेत सांगते.

व्हर्च्युअलायझेशन म्हणजे काय?

आपल्याला हे समजणं सोपं आहे, कारण आपण ते रोज करतो. द्विशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणा. एक शिक्षक, एक खोली, दोन वर्ग. पहिलीला अंक गिरवायला दिले, तेवढ्यात दुसरीचं वाचन घेतलं. पुन्हा पहिलीकडे वळून वह्या पाहिल्या. प्रत्येक वर्गाला वाटतं बाई आपल्याच आहेत. बाई मात्र एकच असतात, वेळ वाटून देतात.

संगणकाचा प्रोसेसर म्हणजे त्या बाई. बहुतेक वेळ तो रिकामाच बसलेला असतो. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे या एका यंत्रावर अनेक "वर्ग" भरवणं. प्रत्येक वर्ग म्हणजे एक आभासी संगणक. त्याची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम, स्वतःची डिस्क, स्वतःचा नेटवर्क पत्ता. एकात बिघाड झाला तरी शेजारच्याला सहसा कळतही नाही.

आणि वेळापत्रक कोण बनवतं? त्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात. कुणाला किती वेळ, कुणाला किती मेमरी हे तोच ठरवतो. खऱ्या यंत्राला यजमान म्हणतात आणि त्यावर चालणाऱ्या आभासी संगणकांना पाहुणे.

एक फरक लक्षात ठेवा. प्रोसेसरचा वेळ वाटता येतो, कारण एक वर्ग लिहीत असताना दुसरा शिकू शकतो. मेमरी म्हणजे रॅम मात्र वर्गातल्या जागेसारखी असते. एका मुलाच्या जागेवर दुसरं मूल बसत नाही. म्हणून अशा यंत्रात प्रोसेसरपेक्षा रॅमच आधी कमी पडते.

पाहुणे दोन प्रकारचे असतात. पहिला पूर्ण आभासी संगणक, म्हणजे व्हीएम. तो सगळं स्वतःचं आणतो, विंडोजसुद्धा चालवू शकतो. दुसरा कंटेनर. त्याची खोली वेगळी, पण स्वयंपाकघर यजमानाचंच, म्हणजे लिनक्सचा गाभा सामाईक. म्हणून कंटेनर हलका असतो आणि काही सेकंदांत सुरू होतो, पण त्यात फक्त लिनक्सच चालतं.

ही कल्पना नवीन नाही

१९६० च्या दशकात आयबीएम कंपनीच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या केंद्रात एका महागड्या मोठ्या संगणकावर अनेक आभासी संगणक चालवण्याचं काम सुरू झालं. १९७२ मध्ये त्यांनी व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. तेव्हाचं कारण सोपं होतं: यंत्र एक, वापरणारे अनेक. साध्या पीसीवर हे आणलं व्हीएमवेअर या कंपनीने, १९९९ मध्ये. २००५-०६ च्या सुमारास इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच यासाठी खास सोय केली. २००७ मध्ये केव्हीएम नावाचा भाग लिनक्सच्या गाभ्यात आला आणि हे सगळं मोफत सॉफ्टवेअरवर करता येऊ लागलं.

आम्ही वापरलं ते प्रॉक्समॉक्स व्हीई. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाच्या कंपनीचं, २००८ पासून असलेलं आणि डेबियन लिनक्सवर उभं केलेलं मुक्त सॉफ्टवेअर. केव्हीएमचे व्हीएम आणि लिनक्सचे कंटेनर दोन्ही त्यात एकाच खिडकीतून सांभाळता येतात.

आमच्याकडे काय होतं?

एका पालकांच्या ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉप. चौथ्या पिढीचा आय-फाईव्ह प्रोसेसर. रॅम ४ जीबी होती, ती वाढवून १६ जीबी केली. २५६ जीबीची एसएसडी नवीन घेतली, १ टीबीची हार्ड डिस्क होतीच. त्यावर चार पाहुणे बसवले:

१. कोलिब्री. इंटरनेट नसताना शैक्षणिक व्हिडिओ, पुस्तकं आणि सराव देणारं मोफत सॉफ्टवेअर. त्याचे मेनू मराठीत आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरच्या गोष्टीही त्यात घेता येतात. मुलांचे टॅब शाळेच्या वायफायवरून थेट याला जोडतात. कंटेनर, २ जीबी रॅम.

२. फाईलघर. फोटो, निकालपत्रकं, आज्यांच्या गोष्टींच्या ऑडिओ फाईली. कंटेनर, १ जीबी.

३. मुलांचा संगणक. लिनक्स मिंट असलेला व्हीएम, ४ जीबी.

४. माझी प्रयोगशाळा. नवीन काही करून पाहायचं ते आधी इथे. २ जीबी.

एकूण ९ जीबी. यजमानासाठी २ जीबी सोडली तरी ५ जीबी शिल्लक. पूर्ण भरू नका, थोडी जागा मोकळी हवीच.

उभारणी : पायरी पायरीने

१. आधी बायोस. संगणक सुरू होताना बायोसमध्ये जा आणि व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय चालू करा. इंटेलमध्ये तो व्हीटी-एक्स या नावाने असतो, एएमडीमध्ये एसव्हीएम. बऱ्याच ऑफिस संगणकांत तो बंद असतो आणि मग व्हीएम सुरूच होत नाही. आपण विनाकारण दोन दिवस डोकं खाजवत बसतो.

२. तिथेच दुसरी सेटिंग. "वीज गेल्यावर परत आली की काय करायचं?" तिथे "चालू हो" निवडा. गावाकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि लांबून सगळं करता आलं तरी बटण दाबायला बोट तिथे नसतं. लांबून सांभाळायच्या यंत्रासाठी ही सगळ्यात महत्त्वाची सेटिंग आहे.

३. पेनड्राइव्ह. प्रॉक्समॉक्सच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाईल उतरवा आणि एचर किंवा रुफस या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी करून चालत नाही.

४. इन्स्टॉल. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा. निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते. त्या डिस्कवरचं सगळं आधी दुसरीकडे घ्या. देश भारत, वेळ कोलकाता, मजबूत पासवर्ड.

५. पत्ता. इथे घाई नको. सर्व्हरचा नेटवर्क पत्ता कायमचा ठेवायचा असतो. राउटर ज्या टप्प्यातले पत्ते टॅबना वाटतो, त्याच्या बाहेरचा घ्या. आम्ही १९२.१६८.१.२५० घेतला. गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता, आमचा १९२.१६८.१.१. टाइप करताना आकडे इंग्रजीच हवेत. हे दोन पत्ते वहीत लिहून ठेवा. पुढे या गेटवेनेच मला रडवलं, ते सांगतेच.

६. ब्राउझर. आता सर्व्हरला मॉनिटर नको. शाळेच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडा, पत्ता टाका, पुढे अपूर्णविराम (:) देऊन ८००६ हा पोर्ट. सुरुवातीला एचटीटीपीएस हवंच. ब्राउझर "सुरक्षित नाही" असा इशारा देईल, कारण सर्व्हरने स्वतःचं प्रमाणपत्र स्वतःच बनवलेलं असतं. आपल्याच नेटवर्कवर, आपल्याच यंत्रासाठी असेल तर पुढे जा. आत गेल्यावर "वैध सदस्यत्व नाही" असा संदेश दिसेल. घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की आपण पैसे देऊन घ्यायची मदतसेवा घेतलेली नाही. फक्त अपडेटसाठी सशुल्क भांडार बंद करून विनासदस्यत्व भांडार निवडावं लागतं.

७. पाहुणे बसवा. व्हीएमसाठी ऑपरेटिंग सिस्टीमची आयएसओ अपलोड करायची, कंटेनरसाठी तयार साचा उतरवायचा. नाव, डिस्क, रॅम भरत पुढे जायचं. शेवटी प्रत्येक पाहुण्याच्या पर्यायांत "यजमान सुरू झाला की सुरू हो" ही खूण करा. नाहीतर वीज आल्यावर सर्व्हर चालू आणि कोलिब्री बंद, अशी गंमत होते.

विजेचं गणितही करून ठेवा, मुख्याध्यापक विचारतातच. यंत्र सरासरी ४० वॅट घेतंय असं धरलं तर २४ तासांत साधारण १ युनिट होतं. आम्ही सकाळी ९ ते रात्री ९ एवढाच चालू ठेवतो, म्हणजे अर्धं युनिट. सकाळी आपोआप सुरू होण्याची वेळ बायोसमध्ये लावता येते, रात्री बंद होण्याचा आदेश लिनक्समध्ये देता येतो.

मुलांसाठी "मोडता येणारा" संगणक

या सगळ्यात मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे स्नॅपशॉट. व्हीएम नीट चालत असताना त्याची स्थिती एका क्लिकवर जपून ठेवायची. नंतर काहीही बिघडलं की "मागे जा" म्हणायचं.

शाळेतल्या संगणकाला हात लावायला मुलं का घाबरतात? कारण आपणच सांगितलेलं असतं, "हात लावू नको, बिघडेल." पाहुणा नंबर तीनमध्ये मी उलटं सांगितलं. "हा बिघडवा." एका मुलाने खालची पट्टी गायब केली. दुसरीने सगळी अक्षरं इतकी मोठी केली की पडद्यावर बटणंच मावेनात. "मॅडम, गेला!" अशी आरोळी आली. मी स्नॅपशॉटवर मागे गेले आणि दोन मिनिटांत संगणक होता तसा. मग मुलांनी विचारायला सुरुवात केली की नेमकं कशामुळे बिघडलं. तिथून शिकणं सुरू होतं, नाही का? चूक परत फिरवता येते हे कळलं की मूल प्रयोग करायला धजतं.

लांबून सांभाळणे

शाळेत असेपर्यंत वरचं सगळं पुरेसं होतं. बदलीनंतर प्रश्न आला: ४६ किलोमीटरवरून आत कसं जायचं?

काही जण सांगतील, "राउटरमध्ये ८००६ पोर्ट इंटरनेटला उघडा करून दे." हे करू नका. शाळेच्या तिजोरीचं दार रस्त्याकडे उघडण्यासारखं आहे हे. उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात. आत मुलांचे फोटो आहेत, आवाज आहेत. पालकसभेत संमती घेताना मी शब्द दिला होता की हे शाळेबाहेर जाणार नाही.

शिवाय सिमकार्डवर चालणाऱ्या राउटरला बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतच नाही. कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवते. अख्ख्या वाडीला एकच पत्रपेटी असावी तसं. बाहेरून आलेली हाक नेमकी आपल्या घरी पोहोचतच नाही.

उपाय आहे व्हीपीएन, म्हणजे दोन यंत्रांमधला खाजगी बोगदा. वायरगार्ड नावाची यासाठीची पद्धत २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. तिच्यावर उभारलेली टेलस्केल ही सेवा आम्ही घेतली. तिची खुबी अशी की शाळेतला सर्व्हर आणि माझा लॅपटॉप दोघेही आतून बाहेर जाऊन एकमेकांना गाठतात. बाहेरून कुणाला दार उघडावं लागत नाही. दोन्हीकडे सॉफ्टवेअर टाकायचं, एकाच खात्याने आत जायचं, झालं. मग घरी बसून तीच ८००६ ची खिडकी उघडते.

चार काळज्या मात्र घ्याच:

१. टेलस्केलमध्ये यंत्राच्या किल्लीची मुदत साधारणपणे १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा लॉगिन करावं लागतं. सर्व्हरपुरती ही मुदत बंद करा, नाहीतर सहा महिन्यांनी तो अचानक दिसेनासा होईल.

२. प्रॉक्समॉक्समध्ये दुहेरी पडताळणी चालू करा. पासवर्डनंतर मोबाईलवरचा सहा अंकी कोड लागतो.

३. रोजच्या कामाला रूट, म्हणजे सर्वाधिकारी खातं वापरू नका. शाळेतल्या सहकाऱ्यांसाठी वेगळं खातं बनवा, ज्यातून पाहुणे चालू-बंद करता येतील आणि त्यांचा पडदा पाहता येईल, पण काही पुसता येणार नाही. अशा तयार भूमिका प्रॉक्समॉक्समध्ये आहेत.

४. प्रत्येक पाहुण्याची कन्सोल खिडकी ओळखून ठेवा. पाहुण्याचं स्वतःचं नेटवर्क बंद पडलं तरी त्याचा पडदा यजमानातून दिसतो, जणू मॉनिटर जोडला आहे. पण यजमानाचंच नेटवर्क गेलं तर ही खिडकीही जाते. मोठ्या सर्व्हरमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते, आपल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा नसते.

आणि नेमकं हेच मी केलं.

बसलेली फांदी मीच तोडली

नवीन शाळेत रुजू होऊन महिना झाला होता. रात्री सव्वाआठला जेवण आटोपून मी सहज सर्व्हरवर गेले. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये थोडी नीटनेटकी मांडणी करावी म्हणून यजमानाचे पत्ते पुन्हा भरले. गेटवे लिहिताना शेवटच्या १ च्या जागी ११ झालं. "लागू करा" दाबलं. पडदा गोठला.

झाडाच्या फांदीवर बसून तीच फांदी तोडणाऱ्या शेखचिल्लीची गोष्ट मी मुलांना किती वेळा सांगितली असेल! त्या रात्री शेखचिल्ली मीच होते. सर्व्हरला बाहेर जायची वाटच कळत नव्हती, त्यामुळे बोगदा बंद, त्यामुळे मी बाहेर. रात्रभर डोळ्यांपुढे एकच: उद्या मुलं टॅब उघडतील आणि काहीच दिसणार नाही.

सकाळी साडेदहाला जुन्या शाळेतल्या सरांना फोन केला. "सर, कोलिब्री चालतंय का हो?"

"चालतंय की मॅडम. तिसरी आत्ता त्याच्यावरच बसलीये. का, काय झालं?"

मी खाली बसले. नीट विचार केल्यावर उलगडा झाला. गेटवे लागतो तो शाळेबाहेर जायला. टॅब आणि कोलिब्री तर एकाच वायफायवर, शाळेच्या आतच. मुलांचं काहीच अडलं नव्हतं. अडलं होतं ते फक्त माझं.

सरांनी शाळेच्या लॅपटॉपवरून ८००६ उघडलं. त्यांच्या खात्याला नेटवर्क बदलायचा अधिकार नव्हता, म्हणून मला रूटचा पासवर्ड फोनवर सांगावा लागला. त्यांनी ११ चं १ केलं, लागू केलं, आणि मी आत आले. लगेच पासवर्ड बदलला.

त्या दिवसापासून तीन नियम केले:

१. नेटवर्कची सेटिंग लांबून बदलायची नाही. बदलायचीच असेल तर सर समोर असताना, शाळेच्या वेळेत.

२. बदलाआधी जुन्या सेटिंगच्या फाईलची प्रत काढायची आणि "दहा मिनिटांनी ही प्रत जागेवर ठेव आणि यंत्र पुन्हा सुरू कर" असा आदेश आधीच देऊन ठेवायचा. बदल नीट झाला तर आत येऊन आदेश रद्द करायचा. चुकला तर दहा मिनिटं थांबायचं, यंत्र स्वतःच परत येतं.

३. रूटचा पासवर्ड सीलबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात. पाकीट फोडलं तर पासवर्ड बदलून नवीन पाकीट.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

आता आज्यांच्या गोष्टींकडे येते. स्नॅपशॉट त्याच यंत्रात, बहुधा त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की स्नॅपशॉटही गेला. बॅकअप म्हणजे वेगळ्या ठिकाणी ठेवलेली पूर्ण प्रत. प्रॉक्समॉक्समध्ये वेळापत्रक लावून तो आपोआप घेता येतो. आम्ही दर शुक्रवारी संध्याकाळी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घेतो आणि शेवटच्या चार प्रती ठेवतो.

चार महिने "बॅकअप यशस्वी" अशी हिरवी नोंद येत होती. मी निर्धास्त होते. दिवाळीच्या सुट्टीत सहज वाटलं, परत आणून तर बघू. फाईलघराचा बॅकअप नव्या क्रमांकाच्या कंटेनरमध्ये उतरवला. कंटेनर सुरू झाला, सगळं जागच्या जागी. गोष्टींचा फोल्डर उघडला. रिकामा.

माझ्या पोटात गोळाच आला. मूळ फाईलघर उघडून पाहिलं, तिथे सगळ्या गोष्टी सुखरूप होत्या. मग कारण शोधलं. गोष्टी ठेवल्या होत्या १ टीबीच्या हार्ड डिस्कवर, जी कंटेनरला जादा म्हणून जोडलेली होती. कंटेनरच्या मुख्य डिस्कचा बॅकअप आपोआप होतो. जादा जोडलेल्या जागेचा हवा असेल तर तिच्यासमोर "बॅकअप" ही खूण वेगळी करावी लागते. मी केली नव्हती. चार महिने माझ्या यशस्वी बॅकअपमध्ये सगळं होतं, फक्त ज्यासाठी तो घ्यायचा तेच नव्हतं.

त्या चार महिन्यांत ती जुनी हार्ड डिस्क गेली असती तर? दोन आज्यांचे आवाज परत कुठून आणले असते?

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, बॅकअप घेता का असं स्वतःला विचारू नका, परत आणून पाहिला का असं विचारा. आपण धडा शिकवून थांबतो का? चाचणी घेतोच ना? बॅकअपचीही चाचणी घ्या, सहामाहीला एकदा तरी.

जाणकार ३-२-१ चा नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक वेगळ्या ठिकाणी. आमची मूळ प्रत सर्व्हरवर, दुसरी यूएसबी डिस्कवर, आणि ज्या मुलांनी गोष्टी आणल्या त्यांच्या पालकांना आपापल्या आजीची गोष्ट मोबाईलवर दिली. शिवाय सगळ्या गोष्टींची एक प्रत पेनड्राइव्हवर मुख्याध्यापकांच्या घरी.

सुपूर्द करायची वही

लांबून सांभाळता येतं म्हणून सगळं आपल्याच हातात ठेवायचं नसतं. उद्या मी आजारी पडले तर? म्हणून एक साधी दोनशे पानी वही केली. तिच्यात:

* सर्व्हर कुठे आहे, कोणती वायर कशाची, बटण कोणतं (फोटो चिकटवून)
* चारही पाहुण्यांची नावं, पत्ते आणि प्रत्येकाचं काम एका ओळीत
* वीज गेली, वायफाय नाही, कोलिब्री उघडत नाही: प्रत्येकासाठी तीन-तीन पायऱ्या
* दर शुक्रवारी काय पाहायचं: बॅकअपची नोंद, डिस्कवर शिल्लक जागा
* काय करायचं नाही
* प्रत्येक बदलाची तारीख, कुणी केला, का केला

वही लिहून मी सरांना दिली आणि स्वतः गप्प बसले. त्यांनी वही वाचून सर्व्हर बंद केला, सुरू केला, एक पाहुणा मागे नेला. जिथे अडले तिथे वही चुकीची होती, सर नव्हे. तेवढा भाग पुन्हा लिहिला.

हे कुणी करू नये?

खरं सांगायचं तर प्रत्येक शाळेला याची गरज नाही. फक्त कोलिब्री हवं असेल तर एक जुना लॅपटॉप पुरतो, त्यावर ते सरळ टाका. प्रत्येक वेगळी व्यवस्था म्हणजे सांभाळायची आणखी एक गोष्ट. एकाच यंत्रावर तीन-चार वेगळी कामं हवी असतील, मुलांना मोकळेपणाने मोडायला काही हवं असेल, आणि शाळेत दुसरं एक तरी माणूस शिकायला तयार असेल, तरच या वाटेला जा. त्यातली तिसरी अट पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी आहे.

घरी करून पाहायचं असेल तर जुना संगणकही नको. आपल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि त्यात एक लिनक्स बसवून पाहा. कल्पना तीच, जोखीम नाही.

शेवटी

आता मी महिन्याच्या पहिल्या शनिवारी दहा मिनिटं आत जाते. अपडेट पाहते, शुक्रवारच्या नोंदी पाहते, बाहेर येते. बाकी सगळं सर बघतात. मध्ये दोन महिने मला जमलंच नाही, आणि काही बिघडलं नाही. सुरुवातीला मला वाटायचं, लांबून सांभाळणं म्हणजे लांबून सगळं करता येणं. आता वाटतं, ते खरं जवळ असतानाच करायचं काम आहे: वीज आल्यावर आपोआप सुरू होणं, परत आणून पाहिलेला बॅकअप, कपाटातलं पाकीट, वही आणि शिकलेला सहकारी. हे असलं तर ४६ किलोमीटरने फारसा फरक पडत नाही.

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. यंदाच्या चौथीच्या मुलांनी आजोबांकडून शेतीच्या जुन्या अवजारांची माहिती रेकॉर्ड करायला घेतली आहे. फाईलघरात नवीन फोल्डर सरांनी स्वतः बनवला. मला विचारलं नाही, फक्त कळवलं.

आपल्या शाळेत असा कोपऱ्यात बसलेला जुना संगणक असेल तर त्याच्यावरचं कापड काढून पाहा. आणि बदली होण्याआधी वही लिहायला घ्या.